तुटलेलं सील आणि हिरवं गवत

फोन आला तेव्हा पाणी खात्याच्या निरीक्षकबाई सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात होत्या. समोर जळालेली मोटार उघडी पडली होती.

"अकरा दिवस झाले ताई," केंद्राचा ऑपरेटर हात पुसत म्हणाला. "थेंब सोडता येत नाही. गाड्या धुणारे, विटा पाडणारे, सगळे रोज फोन करून माझा उद्धार करतात."

फोनवर गोल्फ क्लबचा सेक्रेटरी होता. "मॅडम, ताबडतोब या. आमच्या कूपनलिकेचं सील तोडलंय. कुणी तोडलं तेही माहीत आहे."

नवा कायदा येऊन चार महिने झाले होते. गोल्फच्या मैदानाला जमिनीतलं गोडं पाणी द्यायचं नाही, फक्त शुद्ध केलेलं सांडपाणी द्यायचं. म्हणून बाईंनी स्वतःच्या हातानं त्या कूपनलिकेला सील ठोकलं होतं. ते तोडलं किंवा चोरून गोडं पाणी उपसलं तर तीन वर्षं कैद. आणि शिक्षा कुणाला? पंपाची किल्ली ज्याच्याकडे, त्याला.

किल्ली मावशींकडे होती.

मावशी म्हणजे मैदान राखणारी बाई. बावीस वर्षं तिथलं गवत त्यांच्याच हाताखाली वाढलेलं. बाई क्लबवर पोचल्या तेव्हा पंपघराच्या दारात त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. शेजारी इस्त्रीच्या शर्टातला सेक्रेटरी.

"मावशी, किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या कमरेला, एक ऑफिसात."

"ऑफिसातली कपाटात बंद असते," सेक्रेटरी म्हणाला.

"तुम्हाला विचारलं नाही."

बाई आत गेल्या. सीलची तार पक्कडीनं एका फटक्यात तोडलेली दिसत होती. पाणी सोडायच्या चाकावर कोळ्याचं जाळं होतं, चाकापासून भिंतीपर्यंत ताणलेलं. त्यात वाळलेल्या माश्या. बाईंनी ते बराच वेळ पाहिलं, हात लावला नाही.

"खालच्या वस्तीची विहीर आटली, तुमच्याकडे तक्रार आली, बरोबर?" सेक्रेटरी म्हणाला. "हिनं पाणी चोरलं म्हणून आटली."

"आणि क्लब कोणतं पाणी वापरतो?"

"शुद्ध केलेलं. कायदा म्हणजे कायदा. कालसुद्धा आलं, चांगलं भरपूर आलं. हिला तेही पुरेना!"

"खालच्या वस्तीत माझी सून राहते," मावशी कडाडल्या. "बादलीभर पाण्यासाठी पोरगी दोन-दोन तास रांगेत उभी असते. तिच्या वाटणीचं मी गवताला पाजीन होय रे? जीभ झडेल तुझी!"

तेवढ्यात क्लबचे अध्यक्ष छोट्या गाडीतून आले. गाडीतून उतरायचेही कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

"निरीक्षकबाई, हा कायदा माझ्याच समितीनं लिहिलाय. किल्ली हिची, गुन्हा हिचा. सही करा आणि मोकळ्या व्हा. उगाच बदलीबिदली व्हायची."

"खुशाल करा बदली. घरात बॅग भरलेलीच असते. सही मात्र मी स्वतः पाहीन त्यावरच करीन." बाई वळल्या. "मावशी, केंद्राची वाहिनी कुठून आत येते?"

फाटकापाशी जांभळा नळ जमिनीत शिरत होता. सांडपाण्याचा नळ जांभळाच हवा, असा नियम होता. बाईंनी फाटकावरची झडप मावशींकडून पूर्ण बंद करून घेतली आणि सगळ्यांना तळ्यापाशी नेलं. तिथून फवाऱ्यांना पाणी जाई.

जांभळ्या नळाच्या तोंडातून मनगटाएवढी धार तळ्यात पडतच होती.

"नळात राहिलेलं असेल," सेक्रेटरी म्हणाला.

पंधरा मिनिटं गेली. धार तशीच. बाईंनी ओंजळ धरली आणि पाणी तोंडाला लावलं.

"अहो, ते सांड..." अध्यक्ष ओरडले.

सेक्रेटरीला किळस आली नव्हती, घाम आला होता.

"गोड आहे," बाई म्हणाल्या. "फाटक आणि तळ्याच्या मधे काय आहे, मावशी?"

"मोडक्या गाड्यांची शेड. किल्ली याच्याकडे. मला चार महिने आत पाऊल टाकू दिलं नाही."

शेड उघडायला सेक्रेटरीनं वेळ लावला. मग मावशींनी कुदळ उचलली, तेव्हा त्याला किल्ली सापडली. मोडक्या गाड्यांच्या मागे नवी कूपनलिका होती. पंप घुमत होता. त्याचा नळ जांभळ्या वाहिनीला जोडलेला.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "जुना पंप कुणी चालवलाच नाही. चाक फिरलं असतं तर जाळं तुटलं असतं. म्हणजे सील पाण्यासाठी तोडलं नाही, आम्हाला दाखवायला तोडलं. विहिरीची तक्रार आली, चौकशी होणार, तर बळी द्यायला कुणीतरी हवं."

"हा तुमचा तर्क झाला," अध्यक्ष म्हणाले.

"होय. पण मूळ चूक वेगळीच. शुद्धीकरण केंद्र अकरा दिवस बंद आहे. जे खरोखर ते पाणी घेतात, त्यांनी पहिल्याच दिवशी बोंब मारली. एकट्या तुमच्या क्लबचा फोन आला नाही. हे सेक्रेटरी तर म्हणतात, काल भरपूर आलं. ज्यानं ते पाणी कधी घेतलंच नाही, त्याला ते थांबल्याचं कळणार कसं?"

पंप घुमत राहिला.

"कलम तुमच्याच समितीचं आहे, अध्यक्षसाहेब. पंपाची किल्ली ज्याच्याकडे, त्याला कैद."

सेक्रेटरीचा बांध फुटला. "मी एकटा का जाऊ? साहेबांनीच बोअर मारायला लावली! 'स्पर्धेपर्यंत गवत हिरवं ठेव, म्हातारीचं मी बघतो' म्हणाले!"

अध्यक्ष आता गाडीतून उतरले आणि मावशींच्या जवळ गेले. त्यांचा आवाज मऊ झाला होता.

"मावशी, तू तरी समजव यांना. हा पंप थांबला तर आठ दिवसांत सगळं मैदान जळेल. बावीस वर्षांचं तुझं काम. तुला बघवेल?"

मावशींनी दारातून बाहेर पाहिलं. उन्हात गवत लखलखत होतं.

मग त्या पंपापाशी गेल्या आणि खटका खाली ओढला. शेडमध्ये एकदम शांतता पसरली.

"नाही बघवणार," त्या म्हणाल्या. "मी वाढवलंय, मीच रडीन त्याच्यासाठी. तुम्ही खेळायला दुसरीकडे जा."