टाळी वाजली की कूस

जेलरसाहेब त्या दिवशी भलतेच खुशीत होते, आणि का नसावेत? चाळीस माणसांच्या बराकीत एकशेवीस कोंबलेली. आधीच्या साहेबांनी काखा वर केल्या होत्या. यांनी मात्र सरकारी वकिलांचा पिच्छा पुरवून, किरकोळ गुन्ह्यांतले ऐंशी जण महिन्याभरापूर्वी जामिनावर बाहेर काढले. आज चार वाजता न्यायाधीशबाई पाहणीला येणार होत्या. त्यांचं समाधान झालं, की बाकीच्या पाच बराकींतल्या तसल्याच आरोपींचीही सुटका होणार. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

तीनच्या सुमाराला साहेबांनी बराकीचं दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. चाळीसच्या चाळीस जण डाव्या भिंतीशी, एका कुशीवर, एकमेकांना चिकटून पडले होते. उजवीकडची सगळी फरशी मोकळी होती.

गर्दीच्या दिवसांत एकट्याला वळताच यायचं नाही. कैद्यांमधलाच एक म्हातारा मुकादम मधूनमधून दोन टाळ्या वाजवायचा आणि अख्खी बराक एकदम कूस बदलायची. पण मुकादमही त्या ऐंशी जणांबरोबरच सुटला होता.

"अरे, पसरा की आता! बाईंना काय दाखवू मी?"

"जागा नाही साहेब," कडेला पडलेला कैदी हळूच म्हणाला.

"डोळे फुटले का तुझे? मग ही काय आहे?"

"तिकडं... ते आहेत ना."

"ते सगळे घरी गेले रे बाबांनो! कागदांवर सह्या मी केल्यात."

कोणी हललं नाही. साहेब असल्या गोष्टींना भीक घालणारे नव्हते. टोपी काढून ते सरळ मोकळ्या फरशीवर आडवे झाले. "बघा, आहे का कोणी?" असं म्हणत त्यांनी हात पसरायला घेतले.

हात पसरेनात. दोन्ही कोपरं कशाला तरी टेकली. मऊ... गरम. मानेवर कुणाचा तरी श्वास आला, शिळ्या घामाचा वास नाकात शिरला. डोळ्यांना मात्र फरशी मोकळीच दिसत होती. साहेब आता खरोखर घाबरले. उठावं म्हटलं, तर हात टेकायलाही जागा मिळेना.

बाहेर पावलं वाजली. न्यायाधीशबाई वेळेआधीच आल्या होत्या.

तेवढ्यात उजव्या कोपऱ्यातून दोन टाळ्या ऐकू आल्या. चाळीस जणांनी कूस बदलली. साहेबांनीही बदलली, बदलावीच लागली.

बाईंनी आत यायला पाय उचलला, कुठे ठेवावा म्हणून खाली इकडेतिकडे पाहिलं, आणि तो तसाच मागे घेतला.

"अहो..." त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही तर चाळीस म्हणाला होतात ना?"