हॅचर तलावातली क्रॅपी आणि न वाजलेला भोंगा

धरणाचे दरवाजे तुम्ही उघडलेत. पाणी सोडण्याआधी वाजवायचा इशाऱ्याचा भोंगा वाजवला नाहीत. कचेरीत बसून कळ दाबणाऱ्यांनो, त्या दुपारी तलावात कोण होतं, ते आता ऐका!

व्हर्ना टल आणि तिचा धाकटा भाऊ ड्यूई होडी घेऊन क्रॅपी नावाचे चवदार मासे धरायला निघाले होते. इस्पितळातून घरी आलेली त्यांची आई अन्नाला शिवत नव्हती. "क्रॅपी तळून द्या, मग बघते," एवढंच म्हणाली होती. मार्च नुकता लागलेला, पाणी हाडं गोठवणारं. ओढ्याच्या तोंडाशी दोघांनी नाताळातली वाळकी झाडं सिमेंटचे ठोकळे बांधून बुडवली होती. मासे त्यांच्या फांद्यांत लपतात. गावात ज्याची त्याची अशी जागा असते आणि कोणी कोणाला सांगत नाही. होडीतून बघताना चर्चचा मनोरा पाण्याच्या टाकीआड गेला, की खाली आपलं झाड!

गळ टाकताच ओढ बसली.

"हिसका देऊ नकोस, गाढवा! कागदासारखा ओठ असतो तिचा."

"तू जाळी धर, मास्तरीणबाई!"

बर्फाची पेटी माशांनी भरत आली आणि मासे एकाएकी थांबले.

"ऊन तापलंय. काठाकडे सरकले असतील," ड्यूई म्हणाला. वसंतात इथं सगळे असंच समजतात. दोघं उथळात शिरले, जिथं तलाव होण्याआधी त्यांच्या आजोबांचे अक्रोड उभे होते. झाडं तुम्ही कापलीत, बुंधे पाण्याखाली तसेच ठेवलेत.

तिथं एकही मासा नव्हता. व्हर्नाची नजर काठावरच्या खोडाकडे गेली. पाण्याच्या वर हातभर ओला, काळा पट्टा!

"ड्यूई, ते काठाला नाही आले. खोल पळालेत. पाणी उतरतंय!"

त्यानं मोटर सुरू केली. खर्रर्र! मोटरचा पंखा बुंध्यावर आपटून तुटला. होडी त्याच बुंध्यावर चढून तिरकी झाली. वारा सुटला. पहिली लाट आत आली. मग दुसरी! या पाण्यात पडलं तर हात आधी मरतात, माणूस नंतर. ड्यूईचे दात वाजू लागले.

"वजन टाक! नांगर, बॅटरी, सगळं!"

होडी हलली नाही. उरली मासळीची पेटी.

"ती नको गं! आईची आहे ती!"

"आईला मासे हवेत की तू?"

तिनं पेटी ढकलली. मोठी लाट आली. दोघं पुढच्या टोकाला झेपावले. होडी घसरली, सुटली! आणखी एखादा बुंधा लागेल या भीतीनं वल्ह्यानं पाणी चाचपत त्यांनी काठ गाठला.

चिंब भिजलेली, निळ्या ओठांची पोरं दारात बघून आईनं मासळीचं नाव काढलं नाही. मक्याची पेज पुढे ओढली आणि रडत रडत संपवली. "खाल्लं बघा. आता पुन्हा तलावात जाऊ नका."

भोंग्याची कळ दरवाज्यांच्या कळीशेजारीच आहे. ती का दाबली नाहीत? त्या म्हातारीच्या दारात उभे राहा आणि उत्तर द्या!