ओन्नीच्या वाट्याची वाफ

शनिवारी दुपारी हेल्मी कल्लिओच्या मागच्या दाराला, अगदी खाली, बुटाच्या टोकाचे दोन ठोके बसले. आणि वेलदोड्याच्या पावाचं मळलेलं पीठ तसंच टाकून ती धडपडत उठली. दार उघडलं तर शेजारचा आर्वो. दोन्ही हातांवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबच लांब, आणि नाक थंडीनं लालभडक.

"पुन्हा असं दार वाजवशील तर याद राख," ती म्हणाली. "हा ठोका माझ्या ओन्नीचा आहे. हात लाकडांनी भरलेले असले की तो असा वाजवायचा. तुला घंटी दिसत नाही?"

"हात मोकळे कुठे आहेत, बाई? सरक आधी. सिग्ने खिडकीत असेल."

सिग्ने म्हणजे आर्वोची बायको. ती खिडकीत नव्हती, तळघरात कपडे धूत होती, हे हेल्मीला ठाऊक होतं. त्या घरात कोण कुठे आहे हे तिला बहुतेक वेळा ठाऊक असायचं. स्वयंपाकघराची खिडकीच अशा जागी होती, त्याला ती तरी काय करणार.

आर्वोला जुन्या लष्करी रायफलींचा नाद. परदेशच्या फौजांनी मोडीत काढलेल्या, कोठारांतून वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बंदुका इकडे अमेरिकेत विकायला येत. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्यांचा बाजार भरला की हा माणूस एक वेळ चर्च चुकवेल, पण बाजार चुकवणार नाही. नवी बंदूक आधी हेल्मीच्या फ्रीजरमागे मुक्कामाला यायची. मग एखाद्या दिवशी हळूच घरी जायची, आणि सिग्नेनं विचारलं तर आर्वो म्हणायचा, "ही होय? ही तर आपली जुनीच." सिग्नेलाही सगळं माहीत होतं. हेल्मीनंच सांगितलं होतं.

घोंगडी उलगडली. आत जाड, तपकिरी, मेणचट ग्रीसनं माखलेली रायफल.

"शी. मेलेल्या माशासारखी दिसते."

"गंजू नये म्हणून माखून ठेवतात गं. नळी मी पुसून काढीन. पण दस्त्याच्या, खांद्याला टेकवायच्या त्या लाकडात मुरलेलं ग्रीस असं पुसून निघत नाही, त्या लाकडाला घाम फोडावा लागतो. उन्हाळ्यात गाडीत ठेवून भागतं. जानेवारीत काय करू?" मग लाडात येऊन, "तुझा सौना आज तापणारच आहे ना?"

"आणि तुझा?"

"सिग्नेनं मागच्या खेपेचा वास अजून माफ केलेला नाही."

हेल्मीनं हाताला लागलेलं पीठ चोळून काढलं. तिला हरकत ग्रीसची नव्हती.

त्या वस्तीत सगळ्यांचेच आजे फिनलंडहून तांब्याच्या खाणीत कामाला आलेले. शनिवारी परसातल्या सौनात भट्टी पेटते, दगड तापतात, त्यांवर पाणी टाकून सगळे वाफ घेतात. पण शेवटची वाफ कुणी घेत नाही. भट्टीत एक जाड ओंडका सारायचा, बादली भरून ठेवायची, तीत लाकडी ओगराळं सोडायचं आणि दार ओढून घ्यायचं. ती वाफ घरातल्या गेलेल्यांची. हेल्मीच्या सौनातली ओन्नीची, तिच्या नवऱ्याची होती. त्याला जाऊन पाच हिवाळे झाले होते, पण तो एकही शनिवार चुकला नव्हता. रविवारी सकाळी ती जायची तेव्हा बादली अर्धी झालेली असायची आणि ओगराळं बादलीच्या डावीकडे फळीवर ठेवलेलं. ओन्नी डावखुरा. टॉवेल जमिनीवर, बोळा करून टाकलेला. सबंध संसारात त्या माणसानं टॉवेलाची घडी घातली नाही, आता काय घालणार. ती टॉवेल उचलायची, त्याला दोन शब्द सुनवायची आणि उरलेल्या उबेत कपडे वाळत घालायची. यात भिण्यासारखं तिला काही वाटलं नव्हतं. नवऱ्याची कसली भीती?

"एकच रात्र," आर्वो म्हणाला. "वरच्या फळीवर ठेवतो. तिथे जास्त तापतं."

वरची फळी ओन्नीची होती. पण दोघांचं जमायचं, मासे धरायला बरोबर जायचे. सरकून बसेल, असं म्हणून हेल्मीनं हो म्हटलं. संध्याकाळी तिचं न्हाणं झाल्यावर आर्वोनं नुसता दस्ता आणून वरच्या फळीवर आडवा ठेवला. तिनं ओंडका सारला, बादली भरली, टॉवेल खिळ्याला लावला, दार ओढलं.

रविवारी सकाळी सौनाचं दार उघडलं आणि आतून गार हवा अंगावर आली.

बाहेरच्यापेक्षा गार. एरवी दुपारपर्यंत उबदार राहणारे दगड बर्फासारखे पडले होते. भट्टीत कोळसासुद्धा नव्हता, पांढरी राख तेवढी. बादली काठोकाठ भरलेली, वर बर्फाची साय, आणि ओगराळं तीत उभंच्या उभं गोठलेलं. टॉवेल तिनं लावला होता तसाच खिळ्यावर, कोरडा.

ओन्नी आला नव्हता.

आर्वो मात्र खूश. "काय सुटलंय बघ ग्रीस! एका रात्रीत इतकं कधी सुटलं नव्हतं." ग्रीस खालच्या फळीवर ओघळलं होतं, पण त्याच्या पलीकडे, जमिनीवर, स्वच्छ पाण्याचं थारोळं होतं आणि तेही गोठलेलं. बर्फातून आलेल्या माणसाचे कपडे निथळावेत, तसं.

"दार उघडं राहिलं असेल तुझं," आर्वो म्हणाला.

"हे दार मी लग्न होऊन आल्यापासून लावतेय. ही बंदूक कुणाची?"

"माझी."

"चावटपणा पुरे. तुझ्याआधी?"

आर्वोनं लाकडावरचा छाप पुसून दाखवला. चौकटीत दोन अक्षरं. "ही आपल्या फिनिश फौजेची खूण. बंदूक घडवलेली रशियात. एकोणचाळीस साली रशिया फिनलंडवर चालून गेला, त्या हिवाळी लढाईत आपल्या पोरांनी ती त्यांच्याकडून घेतली आणि आपला छाप मारला. म्हणून तर मी टेबलावरून झडप घालून उचलली."

"घेतली म्हणजे कशी घेतली?"

"कशी म्हणजे... गावाकडून आलेल्या पत्रांतलं आबा सांगायचे ना. रस्त्यानं त्यांच्या पलटणीच्या पलटणी गोठून बसलेल्या होत्या. हातातली सोडवून घ्यायची, दुसरं काय. त्या पोराला तिचा आता उपयोग नव्हता."

हेल्मीला सगळं कळलं, आणि कळल्यावर ती भ्यायली नाही, चिडली. थंडीनं मेलेलं कुणाचं तरी पोर. सात समुद्रांपलीकडे साठ वर्षं ग्रीसमध्ये गुंडाळून पडलेलं. आणि तिनं त्याला नेलं कुठे, तर ओन्नीच्या फळीवर. ऊब दिसल्यावर ते कशाला उठतंय? सगळी वाफ त्यानंच पिऊन टाकली. मग ओन्नी कुठे गेला? त्याला दारावरून परत जावं लागलं असणार, आणि तेसुद्धा तिच्याच होकारामुळे. पुढच्या शनिवारीही असंच झालं तर? ते मात्र ती चालवून घेणार नव्हती.

बुधवारी तिनं सौना पुन्हा पेटवला आणि आर्वोला दस्ता घेऊन बोलावलं.

"मी त्याला न्हाऊ घालणार आहे," तिनं साबणाची वडी काढली.

आर्वोचा चेहरा पडला. "साबण? अगं, जुन्या दस्त्याला कुणी साबण लावतं का? त्याच्यावरचा एक ओरखडासुद्धा आम्ही घालवत नाही. रायफलवाल्यांच्या क्लबात कळलं तर मला उभं करणार नाहीत."

"मग सांगू नकोस. तिकडे बस आणि लाकडं घालत राहा."

हेल्मीची आई वस्तीतल्या मेलेल्या माणसांना सौनातच धुवायची. कोमट पाणी, डोक्याकडून पायांकडे, हात कुठेही न थांबवता. हेल्मीनं दस्ता तसाच धुवायला घेतला. वरून खाली, वरून खाली. आर्वो ओंडक्यांवर ओंडके सारत होता आणि ते कागदासारखे जळून जात होते, पण दगड काही तापेनात. दिव्याची काच धुरकटली. ग्रीसचा वास हळूहळू ओसरला आणि त्याखालून दुसरा आला, ओल्या लोकरीचा, बुटांच्या चामड्याचा.

मग तो आवाज सुरू झाला. कट... कट... कट... कट...

"लाकूड उलतंय," आर्वो पुटपुटला.

हेल्मीच्या हातातलं लाकूड हलत नव्हतं. आवाज वरच्या फळीवरून येत होता. थंडीत बाहेर राहिलेल्या मुलाला घरात घेतलं की त्याचे दात वाजतात, तो आवाज आईला सांगावा लागत नाही.

"घाल... अजून घाल," ती हळू आवाजात म्हणाली.

फार वेळानं कटकट मंदावली. मध्ये मध्ये तुटू लागली. थांबली. दगडांवर टाकलेलं पाणी पहिल्यांदाच फुस्स करून उडालं आणि खोलीभर खरीखुरी ऊब पसरली. हेल्मीनं दस्ता कोरडा केला, पंच्यात गुंडाळला आणि रिकाम्या फळीकडे बघून म्हणाली, "ऊब घेतलीस ना, बाळा? आता जा. शनिवार माझ्या माणसाचा आहे."

आर्वोनं सिग्नेला यातलं काही सांगितलं नाही. हेल्मीला तेवढ्यासाठी तो आवडायचा.

शनिवारी तिनं सगळं नेहमीसारखं केलं. रविवारी सकाळी दार उघडलं, तर गालांना ऊब लागली. बादली अर्धी. ओगराळं डावीकडे, फळीवर.

"आलास," ती म्हणाली, आणि जरा वेळ तशीच चौकटीला टेकून उभी राहिली. आत पुढे जाऊन बघायची तिला गरजच वाटली नाही. घरात फोन वाजत होता म्हणून ती परत फिरली. फोन सिग्नेचा होता, बातमी चांगली लांबलचक होती, आणि त्यात कपडे वाळत घालायचे राहून गेले.

दुपारी उशिरा आर्वो रायफल जोडून घेऊन आला. या खेपेला त्यानं घंटी वाजवली. कॉफी झाली, पाव झाला. लाकूड आता मधाच्या रंगाचं दिसत होतं.

"साबणानं बिघडली नाही, हे कबूल," तो म्हणाला. "आणि एक गंमत बघ. नेम धरताना गाल टेकतो तिथलं लाकूड घामानं काळवंडतं. सगळ्यांचं डाव्या बाजूला. हिचं बघ, उजव्या." त्यानं बंदूक फिरवून धरली. गालाएवढा काळसर डाग. "म्हणजे पहिला मालक डावखुरा. तुझ्या ओन्नीसारखा."

हेल्मीनं कप खाली ठेवला. "अजून पाव घे," ती म्हणाली. पण तो घरी जाईपर्यंत तिचं त्याच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं.

दिवे लागायच्या वेळेला ती परसात गेली. बर्फ निळं पडलं होतं. सौना अजून उबदारच होता. ओगराळं डावीकडे. तिनं जमिनीवर पाहिलं. टॉवेल नव्हता. खिळ्यावरही नव्हता. मग दिवा वर धरला.

वरच्या फळीवर टॉवेलाची घडी होती. चौकोनी, टोकाला टोक जुळवलेली, हातानं दाबून सपाट केलेली. पलटणीतल्या मुलांना शिकवतात तशी.

तिनं घडीला हात लावला नाही. दार ओढून घेतलं, सावकाश चालत घरी आली, दिवा विझवला, चुलीत लाकूड घातलं आणि खिडकीशी बसली. पलीकडे आर्वोचं स्वयंपाकघर उजळलेलं होतं. आर्वो आणि सिग्ने समोरासमोर जेवायला बसले होते, सिग्ने हात हलवून काहीतरी सांगत होती. त्या दोघांवरून हेल्मीनं नजर हलवली नाही.

मागच्या दाराला, अगदी खाली, बुटाच्या टोकाचे दोन ठोके बसले.

आर्वोनं घास तोंडात घातला.

"ओन्नी...?" हेल्मी म्हणाली. तिनं मागच्या दाराजवळ जाऊन कान दिला. बाहेर कुणीतरी लाकडांचा भार हातांवर नीट सावरला, ओंडके एकमेकांवर घासल्याचा आवाज आला. मग ते कुणीतरी वाट बघत राहिलं.

सवयीनं हात कडीकडे गेला. मागे चूल धडधडत होती, खिडक्यांच्या काचांना घाम सुटला होता. आणि दाराच्या आतल्या बाजूची ती लोखंडी कडी इतकी गार होती, की बोटं तिला चिकटूनच बसली.