भेगेवरच्या तारखा

टिंग...

ओट्यामागच्या दांडीला टांगलेली पळी शेजारच्या झाऱ्यावर आपटली.

एवढाच आवाज.

घर तेव्हा अगदी शांत होतं. पाच वर्षांची एकता टेबलाशी बसून चित्र रंगवत होती. सुनेत्रा कणीक मळत होती. पळीला कुणी हात लावला नव्हता.

सुनेत्रा माझी मावसबहीण. हे सगळं तिनं मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं. मी पदरचं काही घातलेलं नाही.

तारीख ३० सप्टेंबर २००९. बुधवार. संध्याकाळचे सव्वासहा. सिंगापूर, क्वीन्सटाउन, एकोणिसावा मजला.

टिंग... टिंग... टिंग...

आता पळी, झारा, उलथणं, सगळी एका लयीत डुलत होती. पातेल्यातलं पाणी एका कडेला चढत होतं, मग दुसऱ्या. पंखा बंद होता, तरी त्याची दांडी हलत होती.

सुनेत्राला वाटलं, आपल्यालाच चक्कर येतेय.

"आई, टेबल स्विंग करतंय," एकता म्हणाली.

कणकेच्या हातांनीच तिनं पोरीला उचललं आणि एकोणीस मजले जिन्यानं उतरली.

खाली नेहमीचे दोन चिनी अंकल बुद्धिबळ खेळत बसले होते.

"अंकल, अर्थक्वेक! अर्थक्वेक!"

अंकलनी आधी तिच्या हातांकडे पाहिलं. मग शांतपणे घोडा हलवला. "वेअर गॉट अर्थक्वेक? यू गो अप, फिनिश युअर चपाती लाह." तिथे बोलण्याला हे 'लाह'चं शेपूट असतंच.

त्यांच्या शेजारी चहाचा ग्लास काठोकाठ भरलेला होता. एक थेंब सांडला नव्हता.

सुनेत्राला रडू आलं. भीतीनं नाही... संतापानं.

तिथूनच हे सुरू झालं. तिला जाणवायचं, आणि दुसऱ्या कुणालाच नाही.

तिचा नवरा उज्ज्वल इमारतींचा इंजिनिअर. तडे गेलेल्या, खचलेल्या इमारती तपासणं हेच त्याचं काम. रात्री घरी आल्यावर त्यानं आधी तिची समजूत काढली.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे. सुमात्राच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली जमिनीची एक प्लेट दुसरीखाली सरकत असते. तिथे मोठा भूकंप झालाय. जवळ आहे ते कडाकडा मोडतं. साडेचारशे किलोमीटरवर आपल्याकडे फक्त संथ, लांब लाटा येतात. खालच्यांना त्या कळत नाहीत. उंचावरच्यांना डोलवतात."

मग टॉर्च घेऊन तो भिंती बघत फिरला. स्वयंपाकघरात, खिडकी आणि पाण्याचा पाइप यांच्यामध्ये, केसाएवढी एक तिरकी भेग होती.

त्यानं पेन्सिल काढली. भेग जिथे संपत होती तिथे आडवी बारीक रेघ मारली. शेजारी लिहिलं, 30.9.

"प्लास्टरची आहे, घाबरू नकोस. पण रेघेच्या पुढे गेली तर नवी रेघ, नवी तारीख. आणि काहीही झालं तरी जुनी तारीख पुसायची नाही. ती पुसली की भेग कुठून कुठे आली ते सांगायला कुणी उरत नाही."

हे बोलताना त्याचा दुसरा हात फोनवर होता. एकच नंबर तो पुन्हा पुन्हा लावत होता.

येनीचा.

येनी पाडांगची. सुमात्राच्या किनाऱ्यावरचं ते शहर. आदल्या वर्षी ती सहा महिने उज्ज्वलच्या हाताखाली काम शिकायला सिंगापूरला आली होती. दर रविवारी जेवायला सुनेत्राकडे. सुकटीची चटणी खाताना डोळ्यांतून पाणी काढायची आणि वर "उनी सुनेत्रा, थोडी अजून" म्हणायची. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला उनी म्हणतात. स्कार्फमध्ये कानापाशी कायम पेन्सिल खोचलेली. एकतेला स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभं करून ती तिची उंची मोजायची, रेघ मारायची आणि तारीख टाकायची. 11.5.08. तिचा एकचा आकडा साधा नव्हता. डोक्यावर लांब उतरती रेघ, घराच्या छपरासारखी.

फोन लागला नाही. गुरुवारीही नाही.

शुक्रवारी पहाटे उज्ज्वल पाडांगला गेला. कुठली इमारत उभी ठेवायची आणि कुठली पाडायची, हे ठरवायला माणसं हवी होती.

तो गेल्यावर सुनेत्रानं चहा टाकला आणि सहज भिंतीकडे पाहिलं.

भेग बोटभर पुढे गेली होती. टोकाला रेघ. शेजारी 1.10.

आदल्या रात्री उज्ज्वलनं लिहिलं असेल. तिनं विचारही केला नाही.

शनिवारी सकाळी तिथे आणखी एक रेघ होती.

2.10.

आता घरात लिहिणारं दुसरं होतं कोण?

"एकता! इकडे ये आधी. भिंतीवर कुणी लिहिलं?"

"नॉट मी लाह!"

"लाह नाही करायचं. खरं सांग. स्टुलावर चढलीस ना?"

"आई, मी नाही गं!" पोरीचा ओठ थरथरायला लागला.

दुपारी घरमालकाचा एजंट घर बघायला येणार होता. फ्लॅट भाड्याचा, करार संपत आलेला. नागपूरहून सासूबाईंचा, मीराबाईंचा, सकाळपासून चौथा फोन. "जय भीम, बाळा. टीव्हीवर दाखवून राहिलेत. उज्ज्वलचा फोन आला का?" नव्हता आला. एकता भोकाड पसरून रडत होती. दूध उतू गेलं होतं.

सुनेत्रानं ओला स्पंज घेतला आणि भिंत खसाखसा घासली. 30.9, 1.10, 2.10... सगळं पुसलं.

एजंट आलाच नाही.

संध्याकाळी उज्ज्वलचा फोन लागला. आवाज लांबून, खरखरत.

"रस्ते मधूनच फाटलेत. काही ठिकाणी जमिनीतून पाणी आणि वाळू उसळून वर आलीय, विजेचे खांब गुडघाभर रुतलेत. पाण्याच्या लाइनी तुटल्या, आग लागली तर विझवायला पाणी नाही. डोंगराकडची गावं दरडींखाली गेलीत."

"येनी?"

तो पुन्हा पाण्याच्या लाइनींबद्दलच सांगायला लागला.

"उज्ज्वल, येनी कुठंय?"

"ऑफिस तीन मजली होतं. खालचा मजला नुसता खांबांवर उभा. गाड्यांची जागा, आणि कोपऱ्यात तिची नकाशांची खोली. खांब मोडले, सुनेत्रा. वरचे दोन मजले तसेच्या तसे खाली बसलेत. काचाही शाबूत आहेत. लांबून बघितलं तर वाटतं, इमारत दोन मजलीच होती."

"पण ती..."

"लोक सांगतात, गुरुवारी पाण्याच्या पाइपवर ठोके ऐकू येत होते. तीन ठोके. थांबून पुन्हा तीन. आम्ही आल्यापासून काही नाही. तासन् तास कान लावून बसतोय."

फोन तुटला.

रविवारी दुपारी एकता जेवून चित्रं काढत होती. सुनेत्रा भांडी लावत होती.

टक...

टक...

टक...

तिच्या हातातली वाटी तशीच राहिली.

आवाज पाण्याच्या पाइपातून येत होता.

ती अठराव्या मजल्यावर जाऊन आली. दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या, आम्ही तर झोपलो होतो. वर विसाव्यावर कुलूप. मेंटेनन्सचा माणूस आला, तेव्हा पाइप मुका. त्यानं नळ दोनदा उघडला, बंद केला. "वॉटर हॅमर, मॅडम. नॉर्मल वन." पाइपात पाणी आपटतं, म्हणे.

तो लिफ्टमध्ये शिरला...

टक... टक... टक...

सुनेत्रा धावत बाहेर गेली. लिफ्ट खाली निघून गेली होती.

परत आली तर एकता स्टुलावर उभी. हातात चमचा. ती पाइपवर वाजवत होती.

"वन... टू... थ्री."

क्षणभर काही नाही.

मग आतून उत्तर आलं. घाईघाईनं. टक-टक-टक, टक-टक-टक, टक-टक-टक...

"आई, ती हॅपी झाली!" एकता म्हणाली.

सुनेत्रानं चमचा हिसकावून घेतला. पोरीला छातीशी धरलं.

आणि तेव्हा तिला भिंत दिसली.

पुसलेल्या जागेच्या पुढे भेग वीतभर वाढली होती. टोकाला पेन्सिलीची रेघ वाकडी, थरथरलेली.

3.10? 4.10?

दोन्ही तारखांपुढे प्रश्नचिन्ह. आणि एकच्या डोक्यावर लांब उतरती रेघ... छपरासारखी.

ती चौकटीपाशी गेली. 11.5.08. पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

अक्षर एकाच हाताचं होतं.

सतरा वेळा लावल्यावर उज्ज्वलचा फोन लागला.

"ती जिवंत आहे. उज्ज्वल, ऐक माझं, ठोके येताहेत. इथे. आपल्या पाइपातून."

"सुनेत्रा, प्लीज."

"तिचं अक्षर आहे भिंतीवर! एकचा आकडा बघशील तर..."

"मी पाच दिवस झोपलेलो नाही. ढिगारा उपसायला उद्या मशीन लागणार आहे. तिचे वडील इथे माझ्यासमोर बसलेत. त्यांना काय सांगू? माझ्या बायकोच्या किचनमध्ये तुमची मुलगी पाइप वाजवतेय?"

"सांग! मशीन एक दिवस थांबवा म्हणावं. फक्त एक दिवस."

"माझ्या हातात नाहीये ते." त्याचा आवाज फाटला. "माझ्या हातात काय आहे इथे? झोप जरा. एकतेला सांभाळ."

त्यानंतर फोन लावला की रेकॉर्ड केलेली एकच बाई बोलायची, इंडोनेशियन भाषेत, अगदी गोड आवाजात. सुनेत्राला एक शब्द कळायचा नाही. तिला तो फोन भिंतीवर फेकून मारावासा वाटला.

सोमवार. एकतेला शाळेत सोडून ती धावतच घरी आली. ठोके चालू होते. आता तीन-तीनचे नव्हते. नुसते. हळू. मध्येच एखादा.

ती एका हातानं फोन लावत राहिली. दुसरा तळवा पाइपवर ठेवलेला.

पाइप गार होता.

सव्वाअकराला ठोके अचानक जोरात सुरू झाले. वेड्यासारखे.

आणि थांबले.

तिनं कान लावला. पळीही हलत नव्हती. खालच्या रस्त्यावरची बससुद्धा ऐकू येत नव्हती.

भेगेच्या टोकाशी नवी रेघ होती. तारीख नव्हती. नुसतं प्रश्नचिन्ह.

शुक्रवारी उज्ज्वल परतला. बूट न काढताच सोफ्यावर बसला. एकता येऊन त्याच्या मांडीवर चढली, तरी त्याचे हात तसेच लोंबत राहिले.

तिला झोपवून सुनेत्रा बाहेर आली.

"मशीन किती वाजता लावलं?"

"सोमवारी. तिथले सव्वादहा." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे आपले सव्वाअकरा. का?"

ती खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"मंगळवारी सापडली," तो म्हणाला. "एका कोपऱ्यात स्लॅब तिरका अडकला होता. खाली बसण्यापुरती जागा. बोटभर फटीतून उजेड येत असणार. स्लॅबला तडा होता, अगदी तिच्या तोंडासमोर. तो वाढतोय का, ते ती मोजत होती. रेघ मारून तारीख घालत होती. मी शिकवलं तसं."

"किती तारखा होत्या?"

"तेच मला कळत नाही." त्यानं डोळे चोळले. "पहिल्या तीन कुणीतरी पुसल्यात. ओल्या फडक्यानं पुसावं तसा पांढुरका डाग आहे. तिथे पाण्याचा टिपूस नव्हता, सुनेत्रा. तिचे ओठ..." त्यानं मान झटकली. "त्यानंतर तिचा हिशेबच चुकलाय. कुठला दिवस तेच तिला कळत नव्हतं. पण ती कशाला पुसेल? पुसायचं नाही, हे तर मी तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

सुनेत्रा आत गेली. ओट्यावर स्पंज होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

स्पंजचं तिनं उज्ज्वलला अजून सांगितलेलं नाही. भिंत दाखवायला त्याला आत नेलं, तेव्हा तिथे फक्त केसाएवढी भेग होती. रेघ नाही, तारीख नाही. तो म्हणाला, "बघ, वाढलेली नाही." मला हे तिनंच लिहायला सांगितलं. म्हणाली, त्याला तोंडानं सांगणं मला जमत नाही, निदान वाचेल तरी. आणि म्हणाली, फोन लावत बसले गं मी. पेन्सिल तिथेच ओट्यावर होती. भिंतीवर तिच्यासाठी आजची तारीख लिहावी, एवढं मला सुचलं नाही.

नोव्हेंबरात त्यांनी घर बदललं. सिंगापुरातच, टॅम्पिनीसला, दुसरा मजला. मुद्दाम खालचा. सगळ्या भिंती नव्या रंगवलेल्या. तिनं हात फिरवून एकेक तपासली. एक भेग नाही.

गेल्या रविवारी दुपारी ती एकतेच्या वेण्या घालत होती. खिडकीतून ऊन आत आलेलं. उज्ज्वल बाजारात गेलेला. पोर मांडी घालून, मान खाली करून शहाण्यासारखी बसली होती. तिच्या केसांना नारळाच्या तेलाचा वास येत होता.

टिंग...

सुनेत्राचे हात थांबले.

स्वयंपाकघरात पळी झाऱ्याला लागली होती. एकदाच.

एकतेनं मान वळवली. अर्धी वेणी सुनेत्राच्या मुठीतून सुटली. पोरगी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली, कुणीतरी बोलत असताना ऐकावं तशी. मग आईकडे वळली.

"आई, येनी आँटी विचारतेय... आज किती तारीख आहे? सांगू?"