दारावरचं नाव

एलेउतेरिओ गुआहीला आता कशाचाच उत्साह उरला नव्हता. एकतीस वर्षं लष्कराच्या वाहतूक तुकडीच्या विमानांत माल चढवण्या-उतरवण्यात गेली. कंबर गेली, गुडघे गेले. शनिवारी तुकडीच बंद होणार होती, आणि तिचा इतिहास लिहायचं काम साहेबांनी त्याच्याच गळ्यात मारलं होतं. भर दुपारी मामोरे नदीवरून शेवटची रिकामी पिंपं घेऊन परतताना तो मागच्या बाकावर वही घेऊन बसला होता. विमानात दोघंच, तो आणि कप्तान मारिसेल.

“डॉन एलेउतेरिओ, इतिहासात माझं नाव घातलंत ना?” तिने पुढून, चालवता चालवता विचारलं. वयाचा मान म्हणून सगळेच त्याला ‘डॉन’ म्हणत.

“घातलंय, कप्तानबाई. दोनदा चाक मोडलंत, तेही घातलंय.”

“तेवढं खोडा की हो.”

“मी खोडत नसतो,” तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

कारण एक नाव त्याने पुसलं होतं. नदीकाठच्या धावपट्ट्या आखूड, चिखलाच्या. वजन जास्त झालं की कुणाला तरी उतरवावं लागे. त्याचं नाव दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचं, आणि पुढच्या फेरीला तो येऊन बसला की त्याने स्वतःच्या हाताने ते पुसायचं, अशी तुकडीची रीत. बावीस वर्षांपूर्वी सान ओनोफ्रेच्या धावपट्टीवर त्याने निकानोर युको या शिपायाला उतरवलं. पोरगा तापाने फणफणला होता. पण कर्नलच्या मेजवानीचं मांस उतरवायची एलेउतेरिओची छाती झाली नाही. “उद्या न्यायला येतो,” एलेउतेरिओ त्याला म्हणाला. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, दार लख्ख हवं म्हणून त्याने फडका मारला. नाव गेलं आणि माणूसही डोक्यातून गेला. तेराव्या दिवशी आठवण झाली, तेव्हा मधल्या दिवसांत नदीला आलेला पूर ओसरत होता आणि विमान थांबायचं त्या जागी फक्त बूट होते, जोडीने ठेवलेले.

अहवालात त्याने लिहिलं, शिपाई पळाला. पळपुट्याची आई म्हणून निकानोरची म्हातारी अजून गावात मान खाली घालून फिरते. आज खरं लिहिलं नाही तर कायमचं राहणार होतं.

वहीवर हात चालेना. शेवटी तो उठला, खिशातून खडू काढला आणि दारावरच लिहिलं, निकानोर युको. मग बाकावर बसून वहीत सगळं लिहून काढलं. लिहिताना रडला.

“डॉन... मागे काय सरकवलंत?”

“काही नाही. पिंपं बांधलेलीच आहेत.”

“विमानाचं शेपूट खाली बसतंय. माणूसभर वजन वाढल्यासारखं...”

इंजिनांची घरघर तीच होती. पण आत नदीच्या गाळाचा वास भरत चालला होता, कुजक्या पानांचा, जुन्या पाण्याचा. समोरच्या बाकावर पट्ट्याचं बक्कल लागल्याचा आवाज झाला. त्याने मान वर केली नाही.

“आलास तर बस, बाबा...” तो हळूच म्हणाला. “मी दमलोय. तूही दमला असशील.”

ते तळावर उतरले. विमान थांबल्यावर त्याने दाराकडे पाहिलं. नाव पुसलेलं होतं. ओल्या तळव्याचा फराटा तेवढा राहिला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं. वही काखेत मारून तो खाली उतरला. घरी जाऊन निजायचं, बस.

“अहो डॉन,” मारिसेलने दारातून हाक मारली. “इथे तुमचं नाव कशाला लिहिलंत? तुम्हाला कुठे मागे ठेवलंय?”

तो वळला. फराट्याच्या खाली, कच्च्या अक्षरांत, लिहिलं होतं: एलेउतेरिओ गुआही.

खडू तर त्याच्याच खिशात होता. आणि हे विमान आता पुन्हा उडणार नव्हतं, सोमवारी भंगारात जाणार होतं. पुढची फेरीच नव्हती.

नाव पुसायला म्हणून त्याने पायरीवर पाऊल ठेवलं. पत्रा गार लागला. त्याच्या पायांत बूट नव्हते. ते मागे जमिनीवर होते, जोडीने ठेवलेले.