एक फूल, एक पिल्लू

हेस्टर प्रॉसर उभ्या उभ्या झोपली होती. मोठ्या घराच्या बागेच्या फाटकावर कोपर टेकलेलं, हातात रिकामी बादली, तोंड जरासं उघडं… मार्चच्या पावसाची भुरभुर गालावर पडत होती, पण तिनंही जाग आली नाही. जाग आली ती एका माणसाच्या ओरडण्यानं.

"अहो बाई! हा प्राणी तुमचा का?"

आत, डॅफोडिलच्या पिवळ्याजर्द उतारावर, एक लांब तंगड्यांचा तरुण ढकलगाडीत चढून उभा होता. खाली मान लांबवून फुसफुसत होता तो प्रॉसरांचा नर राजहंस.

"प्राणी काय म्हणता? बिशप नाव आहे त्याचं," हेस्टर डोळे चोळत म्हणाली. "त्याच्या डोळ्याला डोळा देऊ नका. अपमान समजतो."

"मग बघू कुठे?"

"जमिनीकडे. सगळं गाव तेच करतं."

"आणि… तुमच्याकडे बघितलं तर?"

"बघा खुशाल. मी चावत नाही. दमलेय फार."

रोअन मेरिक त्याचं नाव. डॅफोडिल असेपर्यंतचा माळी. इथली फुलं संपली की उत्तरेला जायचं, तिकडे वसंत उशिरा पोचतो; त्याच्या मागोमाग हाही पोचायचा. अशा माणसात जीव गुंतवणं म्हणजे उघडउघड तोट्याचा व्यवहार, आणि हेस्टरला व्यवहार कळत नव्हता असं नाही. वडिलांचा उजवा हात लुळा पडल्यापासून मेंढ्या, गाय, राजहंस सगळं तीच ओढत होती. गावात तिला 'गुणाची मुलगी' म्हणत. म्हणजे जिला सगळे कामं सांगतात, आणि दमलीस का म्हणून कुणी विचारत नाही, ती.

रोअननं विचारलं. दुसऱ्याच दिवशी, फाटकापाशी. "झोपलीस का रात्री?" अहो-जाहो तेवढ्यात गळून पडलं होतं.

"मेंढ्या विताहेत. झोपतंय कोण?"

तिसऱ्या आठवड्यात तो थेट स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. हातात एकच डॅफोडिल, देठावर पाण्याचे थेंब.

"आत ये," हेस्टर म्हणाली, आणि तो आला. इथेच घोटाळा झाला.

"बाहेर!" तिचे वडील, ह्यू प्रॉसर, खुर्चीतून अर्धे उठले. "बाहेर काढ ते! एक आणलंय गाढवानं, एक!"

परगावच्या रोअनला काय ठाऊक! त्या पट्ट्यात लहान पोरंही जाणतात: राजहंसीण अंड्यांवर बसलेली असताना घरात पहिल्यांदा जितकी डॅफोडिलं येतील, तितकीच पिल्लं निघतात. आणायची तर कवेत मावणार नाहीत इतकी आणा, नाहीतर उंबऱ्याबाहेर ठेवा. नाताळात निम्म्या गावाच्या टेबलावर प्रॉसरांचे राजहंस असत. घराचं वर्ष त्यावर चाले.

रोअन संध्याकाळी डॅफोडिलांचा भारा घेऊन आला. "आता काय उपयोग?" म्हातारा म्हणाला. "पहिलं ते पहिलं."

हेस्टरनं ते एकटं फूल फेकलं मात्र नाही. गोठ्याच्या खिडकीत, फुटक्या कपात ठेवलं. तीन दिवसांत ते कागदासारखं झालं.

मग ती संध्याकाळ. राजहंसीण दिवसातून एकदाच अंड्यांवरून उठते, चार दाणे खाते, अंग धुते, की लगेच परत. हेस्टरनं तिला बाहेर सोडलं, कोल्ह्याच्या भीतीनं खुराड्याचं दार लावलं, आणि म्हणाली, दोन मिनिटं बागेत जाऊन येते…

"उद्या-परवा वारा सुटेल," रोअन बाकावर सरकून जागा देत म्हणाला. "मग हे सगळं आडवं. आज बघून घे."

"बघतेय."

"डोळे मिटून?"

"वास घेतेय… गप्प बस ना जरा."

तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कधी टेकलं, तिला कळलं नाही. त्याला कळलं. तो हललासुद्धा नाही. खांद्याला मुंग्या आल्या तरी नाही. इतकी दमलेली मुलगी झोपलीय, तिला उठवणार कोण? ती जागी झाली तेव्हा अंधारलं होतं, आणि घराकडून राजहंसिणीचा आक्रोश ऐकू येत होता. दार बंद, ती बाहेर, अंडी गार.

महिनाअखेर पिल्लू निघालं एकच.

"एक फूल, एक पिल्लू!" ह्यूंनी गावभर सांगितलं, आणि गावानं मान डोलावली. रोअनला घर बंद झालं. त्यानं ते निमूट सोसलं, कारण आता त्यालाही ते खरंच वाटू लागलं होतं. आणि हेस्टर? ती गप्प राहिली. फुलावर परस्पर खापर फुटत होतं. तिला बोलायचंही त्राण नव्हतं.

पण शनिवारी तो निघणार होता.

सकाळी चहा ओतता ओतता तिनं किटली खाली ठेवली. "बाबा, फुलानं काही झालं नाही. त्या संध्याकाळी दार मी लावलं. आणि परत उघडायला आले नाही."

"कुठे होतीस?"

"बागेत… त्याच्याजवळ. झोपले होते. बसल्या बसल्या, त्याच्या खांद्यावर. बाबा, मला इतकी शांत झोप वर्षभरात लागली नव्हती."

म्हाताऱ्यानं डाव्या हातानं किटली उचलली आणि उरलेला चहा स्वतःच ओतला.

"म्हणजे फुलामुळेच की," तो म्हणाला. मग खिडकीकडे तोंड वळवून, "जा. या खेपेला खुराड्याचं दार उघडं ठेवून जा."

रोअन सायकलला पिशवी बांधत होता. उतारावर पिवळं काही उरलं नव्हतं. नुसती पानं, लोळलेली.

"कापली नाहीस?" तिनं विचारलं. तिच्या पायांत ते एकुलतं पिल्लू घुटमळत होतं.

"मोठ्या घरच्या मालकीणबाई म्हणाल्या काप. मी नाही म्हटलं. दमून पडल्यासारखी दिसतात, पण त्यांच्या जिवावर खाली कंद जेवतोय. पिवळी पडेपर्यंत हात लावायचा नाही, नाहीतर पुढच्या वर्षी फूल नाही."

"आणि मग कापायला कोण येणार?"

"कुणीतरी यायला हवं…" तो पिल्लाकडे बघत म्हणाला. "तुझे बाबा मला दारात उभं करतील?"

"मी सांगितलंय त्यांना. सगळं." ती जवळ आली. "रोअन, मी फार दमलेय. मला आत्ता काही बोलता येणार नाही, फुलताबिलताही येणार नाही. पण पानं पिवळी पडेपर्यंत थांबशील?"

"तू लोळ निवांत," तो म्हणाला. "जूनमध्ये येतो. तुझ्याकडे मात्र कात्री न घेता."

भिंतीच्या सावलीत, सगळ्यांत उशिरा उमलणारं एक पांढरं डॅफोडिल तेवढं राहिलं होतं. त्यानं ते खुडून तिच्या हातात दिलं.

ती मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं घरात शिरली. फूल हातात, पिल्लू मागे. ह्यूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"एकच?"

"एकच पुरे, बाबा," हेस्टर म्हणाली, आणि टेबलाच्या मधोमध ठेवायला चांगला पेला शोधू लागली.