पाच मार्चची नोंद, तीन मे

"नवनीतभाई चोर निघाले, बेन! बावीस वर्षं माझा हिशेब लिहिणारा माणूस!" खासगी तपास करणाऱ्या फाल्गुनीबेन वसावडांच्या ऑफिसात रसीलाबेन वेकरिया खुर्चीत कोसळल्याच.

राजकोटमधल्या त्यांच्या बेअरिंगच्या कारखान्याचे नऊ लाख गेले होते. हिशेबात ते पोलाद पुरवणाऱ्या रांक यांना दिलेले. रांक म्हणत होते, दमडी मिळाली नाही. बँकेच्या नोंदीत मात्र भलतंच नाव! म्हणजे बँकेच्या व्यवहारांची फाईल हिशेबात चढण्यापूर्वी कुणीतरी त्यातलं नाव बदललं होतं.

फाल्गुनीबेन आणि त्यांचे मदतनीस जीतुभाई तासाभरात कारखान्यात पोचले.

नवनीतभाई पुढे आले. "मी फाईल बँकेतून उतरवतो आणि सगळ्यांना उघडता येणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवतो. उघडतसुद्धा नाही."

"हिशेबात चढवते मी," कारकून बन्सरी म्हणाली. "या खेपेला सॉफ्टवेअर घेईचना! पाच मार्चची नोंद तीन मेला! अहो, मे अजून उजाडायचाय. तारखा हातानं सरळ केल्या."

"दर महिन्याला असंच होतं?" फाल्गुनीबेननी विचारलं.

"छे! पहिल्यांदाच."

रसीलाबेनचा मुलगा हिरेन दिवाळीत न्यू जर्सीहून परतला होता. लॅपटॉपवरून नजर न काढता तो म्हणाला, "मी हिशेबाला हात लावत नाही. फाईल नवनीतकाकांनीच उतरवली ना? मग पोलिसांना बोलवा!"

जीतुभाई त्याच्या पडद्यात डोकावले. "याचं काहीतरी बिघडलंय. आज नऊ एप्रिल, आणि हा ४/९ दाखवतोय. चार सप्टेंबर!"

फाल्गुनीबेननी नवनीतभाई आणि बन्सरीचे कॉम्प्युटर पाहिले. दोन्हींवर ९/४.

"बिघडलेलं काही नाही, जीतुभाई," त्या सावकाश म्हणाल्या. "अमेरिकेत महिना आधी लिहितात. असा लॅपटॉप ५/३ ला, म्हणजे आपल्या पाच मार्चला, तीन मे समजतो. फाईल उघडून त्यात नाव बदललं, जतन केली, आणि तारखाही उलटल्या. इथे असा लॅपटॉप एकच आहे."

हिरेननं लॅपटॉप मिटला. "मम्मी, तिकडचं देणं होतं... तुझ्या पासवर्डनं पैसे वळवले. मी परत भरणार होतो."

रसीलाबेननी पोलिसांना लावायला फोन उचलला.

"बेन, नको," नवनीतभाईंनी हात जोडले. "लेकरू आहे."

"सकाळपासून मी तुम्हाला चोर म्हणतेय, भाई," त्या म्हणाल्या. "त्यानं एकदाही मला थांबवलं नाही."